सोन्याचे ठिपके पेरण्याआधी

ब्लॉक कोपॉलिमरच्या (दोन वेगळ्या पॉलिमरांच्या जोडसाखळीच्या) मायसेलमधून, म्हणजे द्रावणात त्या साखळ्यांच्या होणाऱ्या बारीक गोळ्यांतून, सिलिकॉनवर सोन्याच्या नॅनोकणांची जाळी उठवायची, तर प्रयोगापेक्षा आदल्या आठवड्याची तयारीच जास्त वेळ खाते. लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी हे तोंडी सांगत आले; आता लिहूनच काढते.

सुरुवात अंतरापासून करा. दोन ठिपक्यांमध्ये किती नॅनोमीटर हवेत ते आधी वहीत लिहा, पॉलिमर त्यावरून निवडायचा आहे. ही रीत १९९०च्या दशकात जर्मनीतल्या उल्म विद्यापीठात म्योलर आणि श्पात्स यांच्या गटाने बसवली. पुढे श्पात्स यांच्या गटानेच दाखवलं, की पेशीला धरून ठेवणारे रेणू लावलेले ठिपके ५८ नॅनोमीटरवर असले तर पेशी पृष्ठभागावर नीट पसरून चिकटते, ७३वर गेले की तिची पकड सुटते. पंधरा नॅनोमीटरांत जिवंत पेशीचं वागणं पालटतं! म्हणून अंतराच्या बाबतीत ‘साधारण एवढं’ असं लिहू नका.

पॉलिमर म्हणजे पॉलिस्टायरीन आणि पॉली-टू-व्हिनिलपिरिडीन यांची जोडसाखळी. टोल्यूइनमध्ये पॉलिस्टायरीन सुखाने विरघळतं, पिरिडीनचा भाग विरघळत नाही. तो आत गोळा होतो, पॉलिस्टायरीन बाहेर कवचासारखं उभं राहतं. सोन्याचं आम्ल त्या आतल्या गाभ्यात जाऊन बसतं. साखळी जितकी लांब, तितके ठिपके दूर.

आता वजनाचा हिशेब, तोही तराजूपाशी जाण्याआधी. समजा, दोन्ही भाग वजनाने निम्मे-निम्मे आहेत आणि १० मिलिलिटर टोल्यूइनमध्ये ५० मिलिग्रॅम पॉलिमर घ्यायचा आहे. त्यात पिरिडीनचा भाग २५ मिलिग्रॅम. एका घटकाचा रेणुभार १०५ धरला तर ०.२३८ मिलिमोल. दर दहा पिरिडीनमागे तीन सोन्याचे अणू हवे असतील, तर ०.०७१ मिलिमोल, म्हणजे तीन पाण्याचे रेणू असलेलं क्लोरोऑरिक आम्ल (हेच ते सोन्याचं आम्ल) २८ मिलिग्रॅम. हे आम्ल हवेतला ओलावा भराभर ओढतं. वजन करता करता दाणे ओले होऊन काट्यावरचा आकडा चढताना दिसतो, तेव्हा बाटली उघडण्याआधी बाकी सगळं हाताशी ठेवा. आणि स्टीलचा चमचा अजिबात नको: हे आम्ल स्टीलला खातं, सोनं त्याच्यावरच बसतं. काचेचा किंवा प्लास्टिकचा घ्या.

काचसामान आणि ढवळायची चुंबकी कांडी अम्लराजाने (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने) धुवा, मग शुद्ध पाण्याने भरपूर खळबळा आणि ओव्हनमध्ये पूर्ण कोरडी करा. आधीच्या प्रयोगातला सोन्याचा एखादा कण कांडीच्या ओरखड्यात राहिला तरी नवं सोनं त्याच्यावर जमू लागतं. बाटलीच्या झाकणात टेफ्लॉनचं अस्तर आहे ना, पाहा. रबर टोल्यूइनमध्ये फुगतं. नमुने ठेवायला काचेच्या बशा काढा. नेहमीच्या प्लास्टिकच्या पेट्री डिश पॉलिस्टायरीनच्याच असतात, टोल्यूइनचा थेंब पडला की विरघळतात. ०.२ मायक्रॉनचे टेफ्लॉनचे फिल्टर आणि बाटलीला गुंडाळायला अॅल्युमिनियमची फॉइल, हेही आणून ठेवा. ढवळणं किमान एक दिवस, तळाशी पिवळा दाणा दिसेनासा होईपर्यंत, तेही अंधारात. द्रावण पिवळंच राहायला हवं. जांभळी झाक आली तर सोनं वेळेआधीच कण होऊन बसलंय. ते द्रावण वापरू नका.

ओलाव्याचं मात्र जास्त सांगायला हवं. माझी पहिली अख्खी खेप जुलैत गेली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी उघड्या हवेत स्पिन कोटर, म्हणजे तुकडा गरगर फिरवून त्यावर द्रावणाचा पातळ थर देणारं यंत्र, चालवला. टोल्यूइन उडताना थर गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बारीक थेंबांनी साचतं, आणि थेंब वाळले की जागोजाग खड्डे उरतात. एएफएमखाली (अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली) मायसेलऐवजी चाळणी दिसली. त्या दिवशी मला रडू आलं होतं. तेव्हा कोटरच्या झाकणात कोरडा नायट्रोजन सोडायची नळी आधीच लावून तपासा, आणि हायग्रोमीटरचा आकडा प्रत्येक नमुन्यासमोर लिहा.

सिलिकॉनचे सेंटिमीटरभराचे तुकडे हिऱ्याच्या कलमाने कापा, मागच्या बाजूला खूण करा. पिऱ्हाना द्रावणाने (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणाने) धुणार असाल तर तुकड्यावर अॅसिटोनचा अंशही नको; स्फोट होतो. त्याची बाटली कधीही घट्ट बंद करायची नाही. फ्यूम हूड, चष्मा, अॅप्रन ठरलेलेच. नायट्राइलचे हातमोजे टोल्यूइनपुढे फार टिकत नाहीत, शिंतोडा उडाला की लगेच बदला.

प्लाझ्माच्या (विद्युतभारित वायूच्या) यंत्राची वेळ आठवडाभर आधी नोंदवा; पॉलिमर जाळून सोनं जागच्या जागी बसवायचं काम तिथेच होतं. त्याआधी प्रत्येक तुकडा एएफएमखाली पाहून घ्या, कारण प्लाझ्मानंतर थरातली चूक दुरुस्त होत नाही. आणि सोनं न घातलेल्या पॉलिमरचा एक तुकडा त्याच दिवशी, त्याच वेगाने फिरवून सोबत न्या. प्लाझ्मातून बाहेर आल्यावर एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) तो कोरा दिसला, तरच शेजारच्या तुकड्यावरचे ठिपके सोन्याचे म्हणायचे.