एका चादरीचा रंग बदलला, सगळ्याच बदलल्या: डीप कॉपी करताना या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्यासाठी मी पायथनमध्ये ऑर्डरचा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. प्रत्येक डिझाइनची एक डिक्शनरी (की आणि तिच्यासमोर माहिती, अशा जोड्यांचा संच), तिच्यात नाव, माप आणि रंगांची लिस्ट. एका गिऱ्हाइकाला मोराच्या डिझाइनमध्ये लालऐवजी हिरवा हवा होता. डिझाइनची कॉपी केली, रंग बदलला, घरी गेलो. सकाळी मालकांचा फोन: "ओ सर, मोराच्या सगळ्याच ऑर्डरी हिरव्या दाखवायलंय की! काय केलाव तुमी?" नशीब, माल मागावर चढायच्या आधी लक्षात आलं.

‘नवा = जुना’ लिहिलं की कॉपी होते, हा नवशिक्यांचा गैरसमज. (पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव चालतं, म्हणून तसंच लिहितोय.) तिथं कॉपी होतच नाही, त्याच वस्तूला दुसरं नाव मिळतं. ही चूक एकदा ठेच लागली की सुटते.

माझी चूक त्याच्या पुढची होती. मी डिक्शनरीची ‘कॉपी’ मेथड वापरली होती. ती नवी डिक्शनरी खरंच बनवते, पण फक्त वरची. समजा, कारखान्यातल्या ऑर्डरवहीच्या एका पानावर लिहिलंय, "रंग: कपाटातल्या लाल वहीत पाहा." त्या पानाची झेरॉक्स काढली तर पानं दोन झाली, लाल वही मात्र एकच. झेरॉक्सवर गिऱ्हाइकाचं नाव बदला, मूळ पान जसंच्या तसं राहील. पण लाल वहीत खाडाखोड केली की दोन्ही पानांना ती लागू. हीच शॅलो कॉपी, म्हणजे वरवरची. लाल वहीचीही वेगळी प्रत काढली तर ती डीप कॉपी. लिस्टचा पूर्ण स्लाइस (चौकटी कंसात नुसता कोलन) आणि ‘लिस्ट’ फंक्शन हेही तेवढंच करतात. जावास्क्रिप्टमधले तीन टिंबांचे स्प्रेडही त्याच जातीचे. फसगत होते ती यामुळे, की वरवरची चाचणी पास होते. मीही नाव बदलून पाहिलं होतं, रंग नाही.

ज्याला हात लावला नाही ते बदललेलं दिसलं, तर आधी इथंच शोधा. आतली लिस्ट दोन्हीकडे एकच आहे का, हे ‘इज’ने तपासा. दोन बरोबरच्या चिन्हांनी नको. ते फक्त आतला डेटा सारखा आहे का एवढंच सांगतं. ही तपासणी स्ट्रिंग किंवा आकड्यांवरही करू नका. त्या वस्तू बदलताच येत नाहीत, म्हणून डीप कॉपीनंतरही त्या बहुधा त्याच राहतात, आणि आपण उगाच घाबरतो.

याच कुळातली आणखी एक चूक: चार मागांचा आठवड्याचा तक्ता बनवायला सात शून्यांची एक ओळ केली आणि बाहेरून गुणिले चार. पहिल्या मागाच्या सोमवारी ४० टाकले की चारही मागांच्या सोमवारी ४०! ओळी चार दिसतात, पण वस्तू एकच. लिस्ट कॉम्प्रिहेन्शनने (चौकटी कंसातल्या ‘फॉर’ने) दर वेळी नवी ओळ बनवा.

काही जण डेटा जेसनमध्ये (म्हणजे ठरावीक साच्यातल्या मजकुरात) लिहून परत वाचण्याची युक्ती करतात. साध्या डेटाला ती चालून जाते. पण पायथनमध्ये टपलची (बदलता न येणाऱ्या यादीची) लिस्ट होते, डिक्शनरीच्या आकडी कीज स्ट्रिंग होतात, आणि आत तारखेचं ऑब्जेक्ट असेल तर सरळ एरर. जावास्क्रिप्टमध्ये तर एररही येत नाही: तारखेची गुपचूप स्ट्रिंग होते, अनडिफाइन्ड असलेली फील्ड गायब. तिथं आता ‘स्ट्रक्चर्डक्लोन’ आहे. तो तारखा, मॅप, सेट नीट सांभाळतो. आत फंक्शन असेल तर मात्र एरर देतो.

पायथनमध्ये ‘कॉपी’ मॉड्यूलमधलं ‘डीपकॉपी’ वापरा. एखादी वस्तू फिरून स्वतःकडेच येत असली तरी ते गरगरत बसत नाही; आधी कॉपी केलेल्या वस्तूंची नोंद ते एका मेमो डिक्शनरीत ठेवतं. आत थ्रेडचं लॉक किंवा उघडी फाइल असेल तर टाइपएरर येतो. ती वस्तू डेटाबाहेर ठेवा.

फोन आल्यावर मी घाईत सगळीकडे डीपकॉपी लावून मोकळा झालो. रंगांचा घोळ मिटला. काही दिवसांनी सुताचा भाव वाढला, मालकांनी तो प्रोग्रॅममध्ये बदलला, आणि चालू ऑर्डरी जुन्याच भावाने हिशेब दाखवू लागल्या. कारण प्रत्येक डिझाइनच्या आत भावाची डिक्शनरीही होती, आणि दर ऑर्डरगणिक तिचीही वेगळी प्रत निघाली होती. रंग ज्याचे त्याला वेगळे हवे होते. भाव मात्र सगळ्यांना एकच हवा होता. डीपकॉपीला हा फरक कसा कळणार?

मग भाव डिझाइनमधून बाहेर काढला. आता ऑर्डरमध्ये सुताचा फक्त कोड असतो, भाव एकाच तक्त्यातून वाचला जातो, आणि डीपकॉपी उरलीय ती रंगांच्या लिस्टपुरती.