प्रचाराचा पैसा कुणाचा? कागद कुठं मागायचा अन् कसा वाचायचा

जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळली, क्रेनला अडकवून भलामोठा हार घातला, पोरांनी रील काढलं, अन् दुसऱ्या दिवशी टपरीवर एकच विषय, एवढा पैसा येतो कुठून. कुणी म्हणतं गुत्तेदारानं दिला, कुणी म्हणतं कारखान्याचा, मग चहा संपतो अन् जो तो आपल्या कामाला लागतो. पण याचं निदान अर्धं उत्तर तरी कलेक्टर ऑफिसच्या निवडणूक शाखेत एका रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं, अन् ते बघायची नियमातली फी आहे एक रुपया. एक रुपया! ते बघायला जवळपास कुणीच जात नाही, म्हणून ते कसंही भरलेलं चालतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी खर्चाची मर्यादा समजून घ्या. २०२२ पासून आपल्याकडं विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख अन् लोकसभेच्याला ९५ लाख. हिशेब धरायचा तो उमेदवारी अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत. त्याच्या आधी सहा महिने वाढदिवसाचे बॅनर, हळदीकुंकू, क्रिकेटचे सामने, देवदर्शनाच्या गाड्या, हे सगळं बाहेरच राहतं, ही पळवाट शेंबड्या पोरालाही माहितीये. दुसरी पळवाट याहून मोठी. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, अन् मान्यताप्राप्त पक्षाच्या यादीतला स्टार प्रचारक हेलिकॉप्टरनं आला तर त्याचा प्रवासखर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही. मात्र त्याच सभेत उमेदवार स्टेजवर बसला असेल तर मंडप-खुर्च्या-लाउडस्पीकरचा त्याच्या वाट्याचा खर्च त्याच्या हिशेबात यायला पाहिजे, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येतं.

आता प्रचार चालू असताना काय करायचं. फोनमध्ये एक नोट उघडायची अन् रोज चार ओळी टाकायच्या, तारीख, वेळ, गाव, काय दिसलं. "खूप गर्दी होती" असलं लिहू नका, त्याचा काही उपयोग नाही. खुर्च्यांची एक रांग मोजा, रांगा मोजा, गुणाकार करा. मंडप अंदाजे किती फूट बाय किती फूट. गाड्या किती, त्यातल्या किती गाड्यांच्या काचेवर परवानगीचा कागद लावलेला आहे, नंबर काय. जेवणावळ असेल तर ढाब्याचं नाव अन् साधारण किती पंगती उठल्या. हे मोजून ठेवायचं कारण असं की प्रत्येक जिल्ह्यात निवडणूक अधिकारी एक दरपत्रक ठरवतात, खुर्ची, चहा, जेवणाची थाळी, गाडीचं दिवसाचं भाडं, फ्लेक्सचा स्क्वेअर फूट, सगळ्याचे दर त्यात असतात अन् ते पक्षांना दाखवून ठरवलेले असतात. तुमचा आकडा गुणिले दरपत्रकातला दर, झालं, तुमच्याकडं एका सभेचा खर्च तयार. सरकारी पथकंही हेच करतात, व्हिडिओ काढायचं पथक वेगळं, तो बघून मोजायचं पथक वेगळं, अन् त्यावरून उमेदवाराच्या नावानं एक समांतर नोंदवही ठेवतात, तिला छाया नोंदवही म्हणतात. उमेदवाराची वही अन् ही वही प्रचाराच्या काळात निदान तीनदा समोरासमोर ठेवून तपासायची असते.

फ्लेक्स अन् पत्रकं जरा जवळून बघा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क प्रमाणं प्रत्येक प्रचारपत्रकावर, पोस्टरवर मुद्रक अन् प्रकाशकाचं नाव-पत्ता पाहिजे. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात असतो, नाहीतर नसतोच, अन् नसेल तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. फोटो काढताना तो कोपरा नीट दिसेल असा काढायचा.

अन् माझ्या मते खरी गंमत त्याच फ्लेक्सवर खाली डाव्या बाजूला असते, जिथं "शुभेच्छुक" लिहून आठ-दहा फोटो लावलेले असतात. एक आडत दुकानदार, दोन गुत्तेदार, एक प्लॉटिंगवाला, एक पतसंस्थेचा चेअरमन, राहिलेले पोरं-टोरं. हा फ्लेक्स फुकट छापला का? कुणीतरी पैसे दिले, म्हणजे ती देणगीच झाली, रोख नाही दिली, वस्तूत दिली एवढंच. उमेदवाराच्या संमतीनं लावला असेल तर तो खर्च त्याच्या हिशेबात यायला पाहिजे, अन् कुणी दिला तेही. अन् "आम्हाला माहितच नाही, कार्यकर्त्यांनी प्रेमानं लावला" असं उत्तर आलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १७६ बघा, उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणं हा गुन्हा आहे, १०,००० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे दोन्हीपैकी एक काहीतरी खरं असलंच पाहिजे. देणगीदाराचं नाव चौकात वीस फुटी अक्षरात अन् रजिस्टरमध्ये मात्र पत्ता नाही, ही विसंगती पकडायला सीए लागत नाही.

आचारसंहिता चालू असताना पैसे वाटप, दारू, विनापरवाना गाड्या असलं काही दिसलं तर निवडणूक आयोगाचं तक्रारीचं सी-व्हिजिल ॲप वापरा. फोटो त्या ॲपमधूनच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही, लोकेशन आपोआप जातं अन् १०० मिनिटांत तक्रारीचा निकाल लावायचं बंधन यंत्रणेवर आहे. नाव न देता तक्रार करता येते. गावात राहायचंय, उगं कशाला नाव पुढं करायचं, तो पर्याय वापरा अन् त्यात लाजायचं काही नाही.

मग निकाल लागतो, गुलाल पडतो, अन् लोक विसरतात. तुमचं काम इथून सुरू. निकालापासून ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवारानं, हरलेल्यानंही, खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं म्हणजे कलेक्टरकडं द्यायचा असतो. हिशेब आला की दोन दिवसांत ऑफिसच्या नोटीस बोर्डावर सूचना लागली पाहिजे, कुणाचा हिशेब आला, कधी आला, कुठं अन् कोणत्या वेळेत बघता येईल. तिथं जा अन् साध्या कागदावर एवढंच लिहा:

"निवडणूक संचालन नियम १९६१ मधील नियम ८८ नुसार, अमुक मतदारसंघातील अमुक उमेदवाराने सादर केलेल्या निवडणूक खर्चाच्या हिशेबाची पाहणी करण्याची तसेच ठरलेली फी घेऊन साक्षांकित प्रती देण्याची विनंती आहे. पाहणीची फी एक रुपया सोबत भरत आहे."

दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का घ्या. नियमात "कोणतीही व्यक्ती" असं आहे, म्हणजे तुम्ही पत्रकार आहात का, कोणत्या पक्षाचे, कुणी पाठवलं, या प्रश्नांना उत्तर द्यायची गरज नाही. एका ऑफिसात मला "कशाला नादी लागायलेत" असं प्रेमानं विचारलं होतं, मी म्हणलं बघायचंय फक्त, अन् नियमाचा नंबर कागदावर होता म्हणून गठ्ठा समोर आला. नंबर लिहिण्याला फार महत्त्व आहे. तरी टाळाटाळ झालीच तर माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर, नाही आलं तर प्रथम अपील, त्याच्याही पुढं राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं दुसरं अपील. पण तिथं वेळ फार जातो, म्हणून आधी नियम ८८.

गठ्ठा समोर आल्यावर घाबरू नका. पांढरी पानं म्हणजे रोजचा खर्च, गुलाबी म्हणजे रोख, पिवळी म्हणजे बँक. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढावं लागतं अन् एका माणसाला सगळ्या प्रचारात मिळून १०,००० च्या वर रोख देता येत नाही, त्यामुळं मंडपवाल्याला ९,५०० असं दिसलं की एक भुवई वर गेली पाहिजे. मी आधी खर्च वाचतच नाही, पैसा आला कुठून ते परिशिष्ट उघडतो. स्वतःचा किती, पक्षानं किती दिला, अन् बाकीच्या व्यक्ती-कंपन्यांकडून देणगी, कर्ज किंवा भेट किती, नावासकट. हा शेवटचा रकाना कोरा असेल अन् तुमच्या फोनमध्ये शुभेच्छुकांचे चाळीस फोटो असतील तर बोलायला विषय मिळाला. मग सभेच्या तारखा लावून बघा, तुमच्या नोटमध्ये पाचशे खुर्च्या अन् वहीत दीडशे, असं जिथं जिथं येईल ते एका तक्त्यात लिहा. तक्ता, फोटो अन् अर्ज जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला द्या, त्याची प्रत मुंबईला मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना पाठवा.

याचा काही उपयोग होतो का, हा प्रश्न येणारच. मराठवाड्यातलीच दोन उदाहरणं सांगतो. २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे जाहीर कार्यक्रमात बोलून गेले की २००९ च्या लोकसभेला आपले ८ कोटी खर्च झाले, तेव्हा मर्यादा होती २५ लाख, अन् निवडणूक आयोगाची नोटीस आली. दुसरं नांदेडचं, भोकर मतदारसंघ, २००९ ची विधानसभा. अशोक चव्हाणांच्या कौतुकाच्या पुरवण्या पेपरात बातमीसारख्या छापून आल्या, त्या पेड न्यूज होत्या अन् खर्चात दाखवल्या नाहीत अशी तक्रार हरलेले उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं अन् ५ मे २०१४ ला कोर्टानं सांगितलं की हिशेब वेळेत आला का एवढंच नाही, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो. पुढं चव्हाणांच्या विरोधातला आयोगाचा आदेश दिल्ली हायकोर्टानं रद्द केला हेही खरं, पण हिशेब खरा का खोटा हे विचारायचा रस्ता भोकरच्या त्या भांडणातून पक्का झाला. तुम्ही अर्ज करता तेव्हा त्याच निकालाच्या आधारावर उभे असता.

पक्षांच्या देणग्यांचं वेगळं. २०,००० च्या वर देणगी आली तर पक्षानं देणगीदाराचं नाव दरवर्षी आयोगाला कळवायचं असतं, त्याच्या खाली कुणाचं नाव सांगायची गरज नाही, अन् एवढ्याच एका फटीतून किती पाणी वाहतं ते समजून घ्या. २०१८ ला इलेक्टोरल बॉण्ड, म्हणजे देणाऱ्याचं नाव बाहेर न येता पक्षाला पैसे देता येणारे रोखे, आले अन् मोठ्या देणग्याही अंधारात गेल्या, १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द केले. तेव्हा आधी दोन याद्या बाहेर आल्या, बॉण्ड विकत घेणाऱ्यांची वेगळी अन् वटवणाऱ्या पक्षांची वेगळी, नंतर बॉण्डचे नंबर आले अन् पोरांनी कॉम्प्युटरवर बसून कुणी कुणाला दिलं ते जुळवलं. तीच युक्ती तालुक्यात चालते. आयोगाच्या वेबसाईटवर पक्षांचे वार्षिक देणगी अहवाल आहेत, त्यात नाव, पत्ता, रक्कम असते. स्कॅन केलेली पानं असतील तर सर्च चालत नाही, डोळ्यांनी लातूर, जालना, बीड, धाराशिव शोधत बसावं लागतं, कंटाळवाणं काम आहे, दोघं-तिघं मिळून पानं वाटून घ्या. मग तीच नावं महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या टेंडरच्या वेबसाईटवर, रस्त्या-बंधाऱ्यांची कामं कुणाला मिळाली त्या यादीत बघा. गुत्तेदारानं पक्षाला देणगी देऊ नये असं कायद्यात कुठं नाही, म्हणून नाव सापडलं की लगेच "चोर" असं स्टेटस टाकू नका, अंगावर येईल. एवढंच लिहा, या तारखेला एवढी देणगी, या तारखेला एवढं काम, दोन्ही कागद सोबत. वाचणारा हुशार असतो.

जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायतीला केंद्राचा नाही तर राज्य निवडणूक आयोग असतो, मर्यादा वेगळ्या, पण ३० दिवसांत हिशेब द्यायचं तिथंही आहे अन् तो न दिल्यामुळं निवडून आलेले सदस्य घरी बसलेत. सुरुवात करायची तर गावच्या निवडणुकीपासून करा, आकडे लहान असतात अन् सगळे शुभेच्छुक ओळखीचे असतात.

पुढच्या निवडणुकीला अजून एक करून बघा. अर्ज भरल्यावर सगळ्या उमेदवारांना, आवडत्यालाही, एकच पत्र द्या: मतदानाच्या आधी दर आठवड्याला तुमच्या देणगीदारांची नावं अन् रकमा तुमच्या फेसबुकवर टाकाल का, हो की नाही. कायद्यानं बंधन नाही, म्हणून विचारायचंय. जो हो म्हणेल त्याचं नाव, जो गप्प बसेल त्याचंही नाव, तसंच्या तसं गावच्या ग्रुपवर टाकायचं, त्यात आपलं मत घुसडायचं नाही. आवडत्या उमेदवाराला सूट दिली की बाकीचे तुमचा कागद हातात घ्यायच्या आधीच तुम्ही कुणाचे ते ठरवून मोकळे होतात.

अन् तारखा. हिशेबाला ३० दिवस आहेत, पण मर्यादेपेक्षा जास्त खर्च केला म्हणून हायकोर्टात निवडणूक याचिका करायची तर ती निकालापासून ४५ दिवसांतच करावी लागते, त्या मतदारसंघातला कोणताही मतदार करू शकतो. म्हणजे उमेदवारानं शेवटच्या दिवशी हिशेब दिला तर तुमच्या हातात राहतात जेमतेम पंधरा दिवस, त्यात प्रती काढायच्या, तक्ता करायचा, वकील गाठायचा अन् संभाजीनगरला हायकोर्टाच्या खंडपीठात जायचं, त्यामुळं फोनमधली नोट प्रचारातच तयार पाहिजे, निकालानंतर आठवून लिहायला बसलात की गेलं.