बटाट्याच्या पेशींत पाणी किती शिरते, किती निघते : वजनाने कसे मोजावे

पेशीपटलातून पाणी ये-जा करते, साखर मात्र जवळजवळ बाहेरच अडते. त्यामुळे विरघळलेले पदार्थ जिकडे दाट, तिकडे पाणी ओढले जाते. हेच परासरण. बटाटा पाण्यात फुगतो एवढे पाहून थांबू नका. किमान ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा असेल, तर पेशीरस किती दाट आहे तेही आकड्यात सांगता येते.

१. साखरेची सहा द्रावणे करा. १०० मिलिलिटर द्रावणात ०, ३.४, ६.८, १०.३, १३.७ आणि १७.१ ग्रॅम साखर, म्हणजे ०, ०.१, ०.२, ०.३, ०.४ आणि ०.५ मोलार (मोलार हे द्रावणाच्या दाटपणाचे माप; एका लिटर द्रावणात साधारण ३४२ ग्रॅम साखर म्हणजे १ मोलार). साखर आधी ७० मिलिलिटर पाण्यात विरघळवा, मग पाणी घालून १०० च्या खुणेपर्यंत आणा. १०० मिलिलिटर पाण्यातच साखर टाकली तर आकारमान वाढते आणि द्रावण ठरवल्यापेक्षा पातळ होते.

२. एकाच बटाट्याच्या, ५ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर जाड अशा १८ पट्ट्या कापा. एक बटाटा पुरला नाही, तर प्रत्येक पेल्यात दोन्ही बटाट्यांच्या पट्ट्या येऊ द्या. साल अजिबात राहू देऊ नका, सालीतून पाणी सहज जात नाही.

३. पट्ट्या टिपकागदाने हलकेच टिपून तीन-तीनचे गट करा. गटाचे वजन लिहून लगेच द्रावणात बुडवा. पेल्यांवर खुणा करा, झाकण ठेवा.

४. दीड तासाने काढा, पुन्हा तसेच टिपा, वजन करा.

बहुतेकांचे आकडे टिपण्यातच बिघडतात. एकदा नुसते झटकले आणि एकदा दाबून पुसले, तर परासरणाने पडलेला फरक त्या ओलाव्यात हरवतो. दोन्ही वेळा हात सारखाच हवा. रात्रभर ठेवण्याचा मोहही टाळा, पट्ट्या सडू लागतात.

आता वजनातील फरकाला सुरुवातीच्या वजनाने भागून १०० ने गुणा. नुसते ग्रॅम तोलू नका, कारण सगळे गट सारख्या वजनाचे नसतात. आडव्या अक्षावर मोलारता, उभ्या अक्षावर टक्के घेऊन आलेख काढा. रेषा शून्याला छेदते ते द्रावण बटाट्याला समपरासारी, म्हणजे पेशीरसाच्या तोडीचे दाट, सहसा ०.२ ते ०.४ मोलारच्या दरम्यान. तिथेही पाणी थांबलेले नसते. जेवढे आत जाते तेवढेच बाहेर येते.

साध्या पाण्यातली पट्टी कडक होते, पण तिच्या पेशी फुटत नाहीत, कारण ताणलेली पेशीभित्तिका उलट दाब देते. तांबड्या रक्तपेशीला भित्तिका नाही, ती साध्या पाण्यात फुटते. ०.५ मोलारमधली पट्टी लुळी पडते. तिथे पेशीद्रव्य आकसून भित्तिकेपासून सुटते, त्याला रससंकोच म्हणतात.

साखरेऐवजी मीठ घेतले तर आकडे जुळणार नाहीत. मिठाचे पाण्यात दोन आयन (विद्युतभार असलेले कण) होतात, म्हणून तेवढ्याच मोलारतेला परिणाम जवळपास दुप्पट होतो.

पाणी जाऊ द्यायचे आणि साखर अडवायची, ही निवड पटल जिवंत असेपर्यंतच चालते. पडताळून पाहायचे असेल तर बीटचे तुकडे रंग जाईपर्यंत धुवा. काही थंड पाण्यात ठेवा, काही ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात. थंड पाणी जवळपास स्वच्छ राहते. गरम पाणी काही मिनिटांत लाल होते, कारण उष्णतेने पटल फाटते आणि रंग अडवायला काही उरत नाही.