जी लीगमधील फिरस्त्या खेळाडूची कारकीर्द कशी वाचावी

जी लीग ही अमेरिकेतील एनबीए या बास्केटबॉल लीगची दुय्यम लीग; तिच्यात संघ बदलत राहणाऱ्या खेळाडूची नोंद पाहताना सरासरी गुणांकडे आधी वळू नये. प्रथम त्याचे करार तारखेनुसार लावून घ्यावेत, कारण संघ का बदलले याचा उलगडा बहुधा तिथेच होतो. एनबीएतील दहा दिवसांचा करार जानेवारीच्या सुरुवातीपासून करता येतो आणि एकाच संघाला एका हंगामात एका खेळाडूशी असे दोनच करार करता येतात. त्यानंतर त्याला उर्वरित हंगामासाठी ठेवावे लागते किंवा सोडावे लागते. म्हणून वीस दिवसांनी नाव गायब झाले, तर तो खेळात कमी पडला असे लगेच मानू नये. २०१७ पासून दुहेरी करारही आले; त्यांत खेळाडू एनबीए संघ आणि त्याचा जी लीग संघ यांच्यात ये-जा करतो.

उदाहरणादाखल आंद्रे इंग्राम घ्यावा. २००७ मध्ये युटा फ्लॅश या संघाकडून सुरुवात केल्यावर त्याने दहा हंगाम याच दुय्यम लीगमध्ये काढले, जोडीला गणिताच्या शिकवण्या घेतल्या, आणि १० एप्रिल २०१८ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, लेकर्स या एनबीए संघाकडून ह्यूस्टनविरुद्ध एनबीए पदार्पणातच १९ गुण केले. त्या रात्रीचा गाजावाजा समजण्यासारखा आहे, पण अभ्यासकाने त्याआधीच्या हंगामांतील त्याचे तीन गुणांचे फेकच तपासावेत: त्यांतील सातत्यामुळेच त्याला बोलावणे आले. त्यानंतर, २०१९ मध्ये, लेकर्सने त्याला पुन्हा घेतले, या वेळी दहा दिवसांसाठी.