अर्बुदरोधक प्रथिने आणि पेशीचा चयापचय : नव्याने शिकणाऱ्यांसाठी काही अनुभव

अर्बुदरोधक, म्हणजे ट्यूमर सप्रेसर, प्रथिने पेशीविभाजनाला लगाम घालतात, एवढ्याच समजुतीवर मी या विषयात आलो. डीएनए बिघडला की विभाजन थांबवणारे आणि बिघाड फार असेल तर पेशीला मृत्यूकडे नेणारे प्रथिन, अशी पी५३ची ओळख झाली होती. तिच्यात ग्लुकोजचा उल्लेख कुठेच नव्हता. वास्तविक एका पेशीच्या दोन व्हायच्या तर मेद, न्यूक्लिओटाइड आणि प्रथिने यांचा साठा आधी दुप्पट करावा लागतो. त्यामुळे विभाजनाला आवर घालणारी यंत्रणा या साठवणुकीवरही नजर ठेवून असणार, हे उघड होते. मला ते उशिरा उमगले आणि तेही एका फसलेल्या प्रयोगामुळे.

फुप्फुसाच्या कर्करोगापासून मिळवलेल्या ए५४९ या पेशींचे ग्लुकोज काढून घ्यायचे आणि एएमपीके हे ऊर्जेची टंचाई ओळखणारे एन्झाइम कार्यरत होते का ते वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे अँटिबॉडीच्या साहाय्याने ठरावीक प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत, पाहायचे, असा तो साधा प्रयोग होता. एएमपीकेच्या १७२ क्रमांकाच्या थ्रिओनिनवर फॉस्फेट बसले की ठळक पट्टी उमटायला हवी होती, पण माझ्या ब्लॉटवर ती जेमतेम दिसे. तीन आठवडे मी अँटिबॉडीला दोष देत राहिलो. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारले, ‘या पेशींत एलकेबी१ आहे का?’ ते नव्हतेच. पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी घटून त्याच्या खर्चातून उरणारे एएमपी वाढले की ते एएमपीकेला चिकटते हे खरे, पण फॉस्फेट बसवण्याचे काम प्रामुख्याने एलकेबी१ करते, आणि ते स्वतः अर्बुदरोधक प्रथिन आहे. ते असेल तर एएमपीके मेदनिर्मितीला आळा घालते आणि टीएससी२ या प्रथिनामार्फत एमटॉर या वाढ चालवणाऱ्या एन्झाइमची आज्ञा मागे घ्यायला लावते. ते नसेल तर टंचाई असूनही खर्च चालू राहतो. पेशींत कॅल्शियम वाढवणारे द्रव्य घालून पाहिले तेव्हा त्याच अँटिबॉडीने स्वच्छ पट्टी दाखवली, कारण तिथे फॉस्फेट बसवणारे एन्झाइम वेगळे असते. म्हणून पेशींची बाटली उघडण्यापूर्वी त्यांच्यात कोणती जनुके निकामी आहेत, हे वाचून घ्यावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून मिळवलेल्या हेला पेशींतही एलकेबी१ नसते आणि त्यांतले पी५३ पॅपिलोमा विषाणूच्या ई६ प्रथिनामुळे नष्ट होत राहते.

पी५३च्या बाबतीत खरा गोंधळ वाचताना होतो. ऑक्सिजन असूनही अर्बुदाच्या पेशी ग्लुकोजपासून भरपूर लॅक्टेट तयार करतात, हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले होते. पी५३ या प्रवृत्तीच्या उलट दिशेने ओढते : ग्लुकोज आत आणणाऱ्या वाहकांची निर्मिती कमी करते, टायगर या प्रथिनाद्वारे ग्लायकोलिसिस, म्हणजे ग्लुकोज फोडण्याची प्रक्रिया, मंदावते आणि एससीओ२ या प्रथिनाच्या साहाय्याने मायटोकॉन्ड्रियातील श्वसन टिकवते. इथवर चित्र सुसंगत वाटते. परंतु टायगरमुळे ग्लुकोज पेंटोज फॉस्फेट मार्गाकडे, म्हणजे ते वापरण्याच्या दुसऱ्या वाटेकडे, वळते आणि मेदनिर्मितीला लागणारे एनएडीपीएच वाढते, तर पी५३ स्वतः त्याच मार्गाच्या पहिल्या एन्झाइमला चिकटून त्याला रोखते, असेही प्रयोग आहेत. मी बरेच दिवस यांतले एक चूक ठरवण्याच्या खटपटीत होतो. ताण सौम्य की तीव्र, ऊतक कोणते, पी५३ मूळ रूपातले की उत्परिवर्तित, हे प्रत्येक निबंधाच्या समासात लिहू लागल्यावर ती खटपट संपली. नवख्याने ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. ‘पी५३ ग्लायकोलिसिस कमी करते’ हे वाक्य या तपशिलांवाचून अर्धवट राहते.

पीटीईएन या आणखी एका अर्बुदरोधकाचे काम त्या मानाने सरळ आहे : इन्सुलिनसारख्या संकेतांमुळे पेशीपटलावर तयार झालेल्या पीआयपी३ या मेदरेणूवरील एक फॉस्फेट ते काढते आणि ग्लुकोज घेण्याची आज्ञा विझवते. मला अधिक रस वाटला तो फ्युमरेट हायड्रेटेजमध्ये. क्रेब्ज चक्रातले, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील ऊर्जानिर्मितीच्या साखळीतले, हे साधे एन्झाइम अर्बुदरोधकही आहे. ते गेले की फ्युमरेट साचते, एचआयएफ या ऑक्सिजनच्या टंचाईत काम करणाऱ्या प्रथिनाला नष्ट होण्यासाठी खूण करणारी एन्झाइमे त्यामुळे अडतात आणि ऑक्सिजन असतानाही पेशी तो नसल्यासारखी वागू लागते. मूत्रपिंडाच्या अर्बुदांत व्हीएचएल हे प्रथिन नाहीसे झाले की वेगळ्या वाटेने तेच घडते. म्हणजे चयापचयावर फक्त नियंत्रण होते असे नाही, चयापचयही उलट नियंत्रण करतो.

प्रयोगशाळेतली एक बाब मात्र सांगायला हवी. नेहमीच्या पोषकद्रवात ग्लुकोज २५ मिलिमोलर असते आणि उपाशीपोटी रक्तात सुमारे ५. इतक्या सुकाळात टंचाईशी संबंधित प्रथिनांचे काम सहसा दिसतच नाही. द्रवातील फिनॉल रेड हे रंगद्रव्य लॅक्टेटसोबत येणाऱ्या आम्लतेमुळे पिवळे पडते, आणि असाच एक पिवळा फ्लास्क पाहून मी ‘पीटीईएन नसलेल्या पेशींत ग्लायकोलिसिस खूप वाढले’ असे वहीत लिहून टाकले होते. नंतर पेशी मोजल्या तर त्या फ्लास्कमध्ये त्यांची संख्याच दुपटीहून जास्त निघाली. दर पेशीमागे लॅक्टेट काढल्यावर फरक उरला, पण बराच लहान. ती नोंद मी खोडली नाही. तिच्या शेजारी पेशींची संख्या लिहून ठेवली.