मीडिया पीसी घरी आणण्याआधीची यादी

मीडिया पीसी म्हणजे टीव्हीला जोडून घरचे सिनेमे आणि व्हिडिओ दाखवणारा कॉम्प्युटर. त्यासाठी बॉक्स कोणता घ्यायचा हा प्रश्न या यादीत बराच खाली येतो. त्याआधी टॉर्च घेऊन टीव्हीच्या मागे वाका आणि एचडीएमआयच्या प्रत्येक पोर्टाजवळ काय छापलंय ते कागदावर उतरवून घ्या. एकाशेजारी एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असेल; टीव्हीचा आवाज साउंडबारकडे जातो तो याच पोर्टातून. साउंडबार असेल तर तो तिथेच लागणार, म्हणजे ते पोर्ट गेलं. दुसरं सेट-टॉप बॉक्सने अडवलेलं असतं. उरलेलं पोर्ट फोर-के ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) घेतं का, हे टीव्हीच्या पुस्तिकेत बघा, कारण जुन्या आणि स्वस्त फोर-के टीव्हींत सगळी पोर्टं सारखी नसतात. एचडीएमआय १.४ च्या पोर्टावर फोर-के ३० हर्ट्झलाच अडतं आणि माउसचा बाण चिखलातून चालल्यासारखा हलतो. पोर्ट चांगलं असून एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त तपशील दाखवणारं चित्र) येत नसेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टापुरती एक परवानगी द्यायची राहिलेली असते. सॅमसंगमध्ये तिचं नाव इनपुट सिग्नल प्लस, एलजीमध्ये अल्ट्रा एचडी डीप कलर, सोनीत एन्हान्स्ड फॉरमॅट.

आवाजाचं तेव्हाच तपासा. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींतून डीटीएस (सिनेमाचा आवाज साठवण्याची एक पद्धत) काढून टाकलं. एलजीच्या २०२० ते २०२२ च्या टीव्हींतही ते नाही. अशा टीव्हीत पेन ड्राइव्हवरून सिनेमा लावला की चित्र झकास दिसतं आणि आवाज शून्य. लोक मग फाइल बदलतात, केबल बदलतात, साउंडबारला शिव्या देतात. मीडिया पीसी डीटीएस स्वतः उलगडून साध्या पीसीएममध्ये टीव्हीला देऊ शकतो, पण सेटिंगमध्ये पासथ्रू चालू ठेवला तर तो मूळचा डीटीएस तसाच पुढे ढकलतो आणि पुन्हा शांतता. म्हणून यादीत टीव्हीचं आणि साउंडबारचं मॉडेल, त्यांना कोणते आवाज कळतात, आणि पासथ्रू चालू की बंद, एवढं लिहून ठेवा. ऑप्टिकल केबलवर भरवसा ठेवणाऱ्यांनी एवढं जाणून असावं की त्यातून ५.१ (सहा स्पीकरांचा आवाज) जातं ते दाबलेलं. ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी हा भारी आवाज त्यातून मावत नाही.

आता घरातला माल मोजा. मराठी घरात तो साधारण चार थरांत सापडतो: व्हीसीडी, डीव्हीडी, लग्नामुंजीच्या मिनीडीव्ही कॅसेट आणि मोबाइलमधले व्हिडिओ. व्हीसीडी उघडलीत की एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल दिसते. तिच्यात एमपीईजी-१ चा व्हिडिओ आहे, ३५२ बाय २८८ चा. तो पुन्हा एन्कोड करून मोठा करण्याच्या फंदात पडू नका. त्यातला तपशील तेवढाच आहे आणि नव्या एन्कोडिंगने उरलासुरलाही जातो. चरे पडलेली चकती कॉपी होताना सायक्लिक रिडंडन्सी चेक अशी चूक दाखवते. तेव्हा मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोलगोल अजिबात नाही, आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हने नाकारलेली चकती दुसरा निमूट वाचतो. डीव्हीडी मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने एका फाइलमध्ये काढली की एक थराची ४.७ आणि दोन थरांची ८.५ जीबीपर्यंत जाते. मिनीडीव्हीचा एक तास १३ जीबी खातो. मोबाइलवर फोर-के ३० फ्रेमने, एचईव्हीसीत (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) घेतलेला व्हिडिओ मिनिटाला १७० एमबीच्या आसपास, म्हणजे तासाला १० जीबी. बेरीज करा, तिला दोनने गुणा, आणि मगच डिस्कचा आकार ठरवा. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसेल. दुकानदाराने फसवलेलं नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे.

कॅसेट मात्र आधी काढा, बाकीचं सगळं थांबू शकतं. फायरवायर (कॅसेटमधला व्हिडिओ पीसीत आणणारं पोर्ट) असलेला चालू कॅमकॉर्डर मिळणं दरवर्षी कठीण होत चाललंय.

फाइलींची यादी हातात आली की प्रोसेसर आपोआप ठरतो. घरात पडलेला जुना डेस्कटॉप वापरायचा मोह सगळ्यांना होतो, त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपल्यापासून असे डेस्कटॉप बरेच रिकामे झालेत. लिनक्स टाकून ते चालतात, पण आधी पिढी बघा. इंटेलच्या चौथ्या पिढीला हार्डवेअरमध्ये एचईव्हीसी उलगडता येत नाही. सहावीला ८-बिट येतं, १०-बिट नाही, आणि एचडीआरचा सगळा माल १०-बिट असतो. सातवीपासून १०-बिट आणि व्हीपी९ ही तशीच दुसरी पद्धत जमते. त्याहून नव्या एव्ही१ साठी अकरावी लागते. नावात शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्सच नाही, तो सोडा. विजेचाही हिशेब घाला: जुना डेस्कटॉप रिकामा बसून ५० वॉट घेत असेल तर चोवीस तास चालू ठेवून महिन्याला ३६ युनिट जातात. इंटेल एन१०० चा मिनी पीसी १० वॉटवर ७ युनिटांत भागवतो, शिवाय एव्ही१ उलगडतो आणि पंख्याचा आवाजही फारसा नाही. आमचं मत स्पष्ट आहे: नवा घेणार असाल तर एन१०० वर्गातला, ८ जीबी रॅमचा पुरे, १६ जीबीचे पैसे डिस्कला लावा. रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा कॉम्प्युटरही पर्याय आहे. तो एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये उलगडतो, एच.२६४ या जुन्या पद्धतीसाठीचं हार्डवेअर मात्र त्यातून काढून टाकलंय आणि ते काम प्रोसेसरच्या बळावर चालतं. १०८० ला ते निभावतं. त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर हवा. मोबाइलचा चार्जर लावलात की यूएसबी डिस्क मध्येच गायब होते आणि दोष डिस्कला लागतो.

वीज हा महाराष्ट्रातल्या यादीचा सर्वांत जाड भाग. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे सगळ्यांना पाठ आहे. बाकी ठिकाणी पहिल्या वळवालाही जाते. चालू लिहिण्यात डिस्कची वीज गेली की एक्सफॅट (डिस्क फॉरमॅट करण्याचा एक प्रकार) सगळ्यात आधी बिघडतो, कारण त्यात अर्धवट लिखाणाची नोंद ठेवणारं जर्नल नसतं. कायम जोडलेली डिस्क लिनक्सवर असेल तर ईएक्सटी४, विंडोजवर एनटीएफएस. एफएटी३२ चा विचारच नको, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. शिवाय ६०० व्हीएचा यूपीएस लावा, आणि त्याच्यावर फक्त पीसी, डिस्क, राउटर आणि फायबरचा डबा. हे सगळं मिळून ३५ वॉटच्या आसपास. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी नवी असताना पाऊण तास तरी ओढते, दोन-तीन वर्षांनी दहा मिनिटंही नाही. टीव्ही त्यावर लावू नका, बॅटरी बसेल. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा छोटा स्विच शोधा. तो इको किंवा नॉर्मलवर असेल तर वीज जाताना मध्ये एवढा खंड पडतो की पंखा, दिवा यांना कळत नाही पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो; यूपीएसवर केला की हा खंड बराच कमी होतो. पीसीच्या बायोसमध्ये (विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याआधीचं सेटिंग) रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस ही ओळ पॉवर ऑनवर ठेवा, नाहीतर वीज आल्यावर कोणीतरी उठून बटण दाबायचं.

स्पीकरमधून बारीक गुंई ऐकू येत असेल तर केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स वायर उपसून बघा. गुंई थांबली तर दोष अर्थिंगमधल्या फरकाचा. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचा छोटा तुकडा त्या वायरीत घातला की काम होतं. दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या लोखंडी डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, त्याचंही मूळ अर्थिंगच. तीन पिनांचा अडॅप्टर घ्या, आणि तिसरी पिन भिंतीत खरंच अर्थला जोडलेली आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

नेटवर्कमध्ये वायर ओढता येत असेल तर ओढाच. गिगाबिटला कॅट ५ई पुरते, पण आठही तारा जोडलेल्या हव्यात. चारच क्रिंप केल्या असतील तर वेग १०० एमबीपीएसवर बसतो आणि कोणालाच कळत नाही. पीसीच्या नेटवर्क स्टेटसमध्ये १.० जीबीपीएस दिसतंय का एवढं बघितलं की पुरे. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची आहे, भिंतीत गाडायच्या लायकीची नाही. एक गंमत अशी की पुष्कळ टीव्हींचं स्वतःचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. फोर-के ब्लू-रेचा प्रवाह १२८ एमबीपीएसपर्यंत उसळतो, म्हणजे टीव्हीतल्या अ‍ॅपला वायर लावून सिनेमा अडखळतो आणि ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर सुरळीत चालतो. वायरलेस कीबोर्डचं डोंगल यूएसबी ३ च्या डिस्कशेजारी खोचू नका. त्या डिस्कचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्ये पडतो आणि अक्षरं गळायला लागतात. मीटरभराची यूएसबी एक्स्टेंशन वायर हा त्यावरचा स्वस्त उपाय.

सॉफ्टवेअर निवडताना एकच प्रश्न विचारा: सिनेमा एकाच टीव्हीवर बघायचा की घरभर? एका टीव्हीला कोडी हे प्लेअर पुरतं; पायवर लिब्रेइलेक टाकलं की बूट होताच कोडीच समोर येतं. घरभर असेल तर मिनी पीसीवर जेलीफिन हे सिनेमे घरभर पुरवणारं सॉफ्टवेअर, आणि टीव्ही, मोबाइल, टॅबवर त्याची अ‍ॅप. जेलीफिन २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या तशाच सॉफ्टवेअरपासून फुटून निघालं, एम्बीने आपला सोर्स बंद केल्यावर; ते फुकट आहे आणि हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठीही (समोरच्या पडद्याला कळेल अशा साच्यात व्हिडिओ चालता चालता बदलणं) पैसे मागत नाही. लिनक्सवर बसवलंत तर जेलीफिनचा युजर रेंडर ग्रुपमध्ये घालायला विसरू नका, नाहीतर क्विक सिंक (इंटेलमधलं त्या कामाचं हार्डवेअर) लागत नाही आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर घामाघूम होतो. ब्लू-रेची चित्ररूप सबटायटलं लावली तरी तेच: टीव्हीला ती कळत नसतील तर ती चित्रात भाजावी लागतात आणि अख्खा सिनेमा नव्याने एन्कोड होतो. कोडीत प्लेअरच्या सेटिंगमध्ये ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट हे ऑन स्टार्ट-स्टॉपवर करा. पुष्कळ डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेमच्या, सिनेमाचे ब्लू-रे २४ च्या. सगळं ६० हर्ट्झवर चालवलं की कॅमेरा आडवा फिरताना चित्र हिसके देतं.

नावं द्यायला एक रविवार काढून ठेवा. सिनेमाच्या फोल्डरला इंग्रजी लिपीत नाव आणि कंसात चार अंकी वर्ष. वर्ष नसेल तर मराठी सिनेमाला त्याच नावाच्या हिंदीचं पोस्टर चिकटतं. मालिकांना एस०१ई०२ हा साचा, अक्षरं आणि अंक दोन्ही इंग्रजीतच, मध्ये जागा न सोडता. घरचे व्हिडिओ वेगळ्या लायब्ररीत, होम व्हिडिओज प्रकारात. सिनेमांत टाकलेत तर बारशाला कुठल्यातरी कोरियन सिनेमाचं पोस्टर येईल. मराठी सबटायटलं यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचा साचा) साठवा. जुन्या डीटीपी फॉन्टात टाइप केलेली असतील तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा गिचमिडकाला दिसतो. ती कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावी लागतात. चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही: मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी टाका.

ओटीटीसाठी या पेटीकडून फार अपेक्षा ठेवू नका. लिनक्स बॉक्सला वाइडवाइनची (ओटीटीचं कॉपी रोखणारं कुलूप) खालची पातळी मिळते आणि वर्गणी फोर-केची भरूनही चित्र त्याच्या जवळपास पोचत नाही. टीव्हीचं स्वतःचं अ‍ॅप किंवा स्टिक त्या कामाला ठेवा. परगावच्या, परदेशातल्या मुलांना घरचे व्हिडिओ दाखवायचे असतील तर राउटरमध्ये जेलीफिनचं ८०९६ पोर्ट उघडत बसू नका. ते धोक्याचं तर आहेच, शिवाय आपल्याकडच्या कित्येक कनेक्शनांना स्वतःचा सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) नसतो. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर पोर्ट उघडूनही काही होणार नाही. त्याऐवजी टेलस्केल (दोन ठिकाणची यंत्रं खासगी वाटेने जोडणारं सॉफ्टवेअर) दोन्हीकडे टाका.

रिमोट आजीच्या हातात देऊन बघा. चार बाण, ओके आणि मागे, एवढ्या सहा बटणांत सिनेमा लागला पाहिजे. पायला एचडीएमआय-सीईसीमुळे (एचडीएमआयच्या वायरीतूनच रिमोटचे हुकूम पोचवण्याची सोय) टीव्हीचाच रिमोट चालतो. मिनी पीसींत सहसा सीईसी नसतं, तिथे यूएसबीचा इन्फ्रारेड रिसीव्हर घ्या.

डिस्कची दुसरी प्रत दुसऱ्या घरी असू द्या. रेड (एकच माल एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहिण्याची सोय) असली तरी चुकून पुसलेलं ती दोन्हीकडून पुसते. कोकणात राहत असाल तर डिस्क बंद शोकेसमध्ये कोंडू नका. पावसाळ्यात आत दमट, वरून डब्याची ऊब.

सगळं लागलं की सिनेमा चालू ठेवून मेन स्विच खाली पाडा. यूपीएस पीसी किती मिनिटं ओढतो ते घड्याळावर मोजा, तो संपू द्या, आणि स्विच वर करा. कीबोर्ड न जोडता, फक्त रिमोटवर, तोच सिनेमा थांबला तिथून सुरू झाला पाहिजे. कीबोर्ड शोधावा लागला तर बायोसची ओळ पुन्हा बघा.