जपानमधलं झैर्यू कार्ड, जुमिनह्यो आणि माय नंबर: कोणता बदल कुठे कळवायचा

नोकरी, शिक्षण किंवा कुटुंबासोबत राहण्यासाठी जपानला गेलेल्या माणसाची सरकारी नोंद दोन कार्यालयांत असते. एक कुयाकुशो किंवा शियाकुशो, म्हणजे तुमच्या वॉर्डाचं किंवा शहराचं कार्यालय. दुसरं न्यूकान, म्हणजे इमिग्रेशन. पत्ता बदलला तर कुयाकुशोत जायचं. नोकरी, कॉलेज, नाव किंवा व्हिसाचा प्रकार बदलला तर न्यूकानला कळवायचं. घर बदलल्यावर कुयाकुशोत जाणं सहसा चुकत नाही, कारण त्यावाचून कामं अडतात. नोकरी बदलल्यावर मात्र लगेच काहीच अडत नाही, म्हणून न्यूकानला कळवायचं राहून जातं. त्याचा फटका बसतो तो व्हिसा वाढवताना.

९ जुलै २०१२ ला जुनी परदेशी नोंदणी बंद झाली आणि झैर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र आलं. तेव्हापासून तीन महिन्यांहून जास्त मुदतीच्या परदेशी रहिवाशांची नावं जपानी नागरिकांच्याच रहिवासी नोंदवहीत चढतात. या सगळ्या व्यवस्थेत एक मुदत पुन्हा पुन्हा येते: १४ दिवस. ती डोक्यात पक्की बसवा.

निघण्यापूर्वी

कंपनी किंवा कॉलेज तुमच्यासाठी सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे सीओई काढतं. हल्ली ते ईमेलनेही येतं. ते जारी झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये उतरावं लागतं, त्यामुळे नोटीस पीरियड मोठा असेल तर सीओईचा अर्ज कधी करायचा हे कंपनीशी आधीच ठरवून घ्या.

मराठी नावांची एक अडचण ठरलेली असते. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. झैर्यू कार्डावर पासपोर्टमधलं अख्खं नाव, आधी आडनाव अशा क्रमाने, रोमन लिपीत छापलं जातं. पुढे बँक, आरोग्य विमा आणि पेन्शन यांच्या कागदांवर तेच नाव काताकाना या जपानी लिपीत लिहावं लागतं. देशपांडे, क्षीरसागर, म्हात्रे अशी आडनावं काताकानात दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतात. एका ठिकाणी एक आणि दुसरीकडे वेगळं लिहिलं, तर पगार खात्यात जमा न होता परत जाऊ शकतो. म्हणून जपानी येणाऱ्या कुणाकडून एकच काताकाना रूप ठरवून घ्या, मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि सगळीकडे तेच लिहा. मधलं नाव लिहायचं की नाही, हेही तेव्हाच ठरवा.

कुटुंब सोबत येणार असेल तर विवाहाचा आणि मुलांच्या जन्माचा मूळ दाखला आणि त्यांचं जपानी भाषांतर घेऊन जा. भाषांतर अधिकृत संस्थेचंच हवं असं सहसा नसतं, पण ते करणाऱ्याचं नाव त्यावर असावं. हा कागद नसेल तर कुयाकुशो पती-पत्नी हे नातं नोंदवत नाही. कुटुंबप्रमुखाशी असलेल्या नात्याच्या रकान्यात ‘नातलग’ अशा अर्थाचा मोघम शब्द पडतो. पुढे विम्यात जोडीदाराचं नाव घालताना तेच निस्तरत बसावं लागतं.

विमानतळावर

दोन्ही हातांच्या तर्जनीचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. २० नोव्हेंबर २००७ पासून १६ वर्षं आणि त्यावरच्या जवळजवळ सगळ्या परदेशी प्रवाशांना हा नियम आहे. नारिता, हानेदा, चुबू, कानसाई अशा मोठ्या विमानतळांवर झैर्यू कार्ड तिथेच हातात पडतं. लहान विमानतळावर उतरलात तर पासपोर्टवर ‘कार्ड नंतर मिळेल’ असा शिक्का बसतो आणि पत्ता नोंदवल्यावर ते टपालाने घरी येतं.

काउंटरवरून हलण्यापूर्वी कार्डावरचं नाव, जन्मतारीख, व्हिसाचा प्रकार आणि मुदत पासपोर्टशी ताडून पाहा. चूक तिथेच दाखवली तर दुरुस्त करून घेणं सोपं जातं, नंतर त्यासाठी न्यूकानच्या रांगेत उभं राहावं लागतं. विद्यार्थी असाल तर पार्टटाइम कामाच्या परवानगीचा अर्जही विमानतळावरच देता येतो. ही परवानगी आठवड्याला २८ तासांची असते आणि तिचा शिक्का कार्डाच्या मागे पडतो. डिपेंडंट व्हिसावर आलेल्यांना ही सोय विमानतळावर नाही, त्यांनी न्यूकानमध्ये अर्ज करायचा.

पहिला पत्ता

विमानतळावर मिळालेल्या कार्डाच्या पुढच्या बाजूला पत्त्याच्या जागी ‘अद्याप ठरलेला नाही, कळवल्यावर मागे लिहिला जाईल’ असं जपानीत छापलेलं असतं. घर ठरून राहायला गेलात की १४ दिवसांच्या आत कुयाकुशो गाठायचं. ९० दिवसांत पत्ता कळवला नाही तर व्हिसाचा दर्जा रद्द होऊ शकतो, हे गमतीवारी घेण्यासारखं नाही.

सोबत कुटुंबातल्या सगळ्यांची झैर्यू कार्डं, पासपोर्ट आणि वर सांगितलेले दाखले न्या. टोकन घेऊन पत्ता नोंदणीचा फॉर्म भरायचा. त्यात इमारतीचं नाव आणि खोली क्रमांक भाडेकरारात आहे अगदी तसाच लिहा. खोली क्रमांक राहून गेला तर सरकारी टपाल इमारतीपर्यंत येतं आणि तिथून परत फिरतं. काम झालं की कार्डाच्या मागे पत्ता येतो. तो तिथेच वाचून घ्या.

त्याच फेरीत जुमिनह्यो, म्हणजे रहिवासी दाखल्याच्या दोन प्रती काढून ठेवा. एका प्रतीला साधारण ३०० येन पडतात. फॉर्मवर राष्ट्रीयत्व, व्हिसाचा प्रकार आणि कार्ड क्रमांक छापण्याचे वेगळे चौकोन असतात. न्यूकानला द्यायची प्रत असेल तर ते चौकोन भरा आणि माय नंबरचा, म्हणजे रहिवाशाला मिळणाऱ्या बारा अंकी क्रमांकाचा, चौकोन रिकामाच ठेवा. उलटं झालं तर नवी प्रत काढावी लागते.

कंपनीचा आरोग्य विमा नसेल तर राष्ट्रीय आरोग्य विमा आणि पेन्शनची नोंदणीही त्याच दिवशी त्याच इमारतीत उरका.

हा माय नंबर कळवणारं पत्र दोन-तीन आठवड्यांत नोंदणीकृत टपालाने येतं. टपालपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन ते परत नेऊ शकतो. घर घेतल्याच्या दिवशीच काताकाना आणि रोमन, दोन्ही लिपींत नाव लिहून पेटीवर चिकटवा. खर्च काहीच नाही, पण यावाचून अडून बसलेले लोक खूप दिसतात.

नोकरी बदलली तर

जुन्या कंपनीशी करार संपला की १४ दिवसांत एक सूचना न्यूकानला द्यायची आणि नव्या कंपनीशी करार झाला की १४ दिवसांत दुसरी. ती टपालाने, प्रत्यक्ष किंवा न्यूकानच्या ऑनलाइन पद्धतीने देता येते. ऑनलाइन दिलीत तर पोच मिळाल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. ‘एचआरने कळवलं असेल’ या समजात राहू नका. कंपनी परदेशी कर्मचाऱ्याची माहिती हॅलो वर्क या रोजगार कार्यालयाला देते, ती वेगळी. तुमची जबाबदारी तुमच्याच नावावर राहते.

सूचना न दिल्यास कायद्यात दोन लाख येनपर्यंत दंड आहे. शिवाय मुदतवाढ देताना न्यूकान ज्या गोष्टी तपासतं त्यांत या सूचना वेळेवर दिल्या का, हेही येतं. तीन किंवा पाच वर्षांची अपेक्षा असताना एकच वर्ष हातात पडलं तर आधी हे तपासा. तारीख उलटून गेली असली तरी सूचना द्याच. उशीर झालेली सूचना अजिबात न दिलेल्यापेक्षा कधीही बरी. आणि व्हिसाला अनुरूप काम योग्य कारणाशिवाय तीन महिने बंद राहिलं तर दर्जा रद्द करण्याची तरतूद आहे, त्यामुळे नोकरी सुटल्यावर शोध चालू असल्याचे ईमेल आणि अर्ज जपून ठेवा.

लग्नानंतर भारतात पासपोर्टवरचं नाव बदलून परत आलात, तर तो बदलही १४ दिवसांत न्यूकानलाच कळवायचा, कुयाकुशोला नाही. नुसता पासपोर्ट नवा झाला आणि नाव तेच राहिलं तर कार्ड बदलावं लागत नाही, कारण झैर्यू कार्डावर पासपोर्ट क्रमांक नसतोच.

घर बदललं तर

दुसऱ्या वॉर्डात किंवा शहरात जाताना आधी जुन्या कुयाकुशोत बाहेर जाण्याची नोंद आणि नव्या घरी गेल्यावर १४ दिवसांत नव्या कुयाकुशोत येण्याची नोंद करायची. तोक्योतला प्रत्येक वॉर्ड यासाठी वेगळं शहर धरला जातो. एदोगावातल्या निशी-कासाईमधून शेजारच्या कोतो वॉर्डात गेलात, तरी दोन्हीकडे नोंद करावी लागते. निशी-कासाईतच घर बदललं तर एक फेरी पुरते.

मुदतवाढ आणि त्यातला सापळा

मुदत संपण्याच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. मुदतीच्या आत अर्ज गेला असेल आणि निकाल बाकी असेल, तर मुदतीनंतर दोन महिन्यांपर्यंत किंवा निकाल लागेपर्यंत, जे आधी होईल तोवर, कायदेशीर राहता येतं. एप्रिल २०२५ पासून फी काउंटरवर ६००० येन आणि ऑनलाइन ५५०० येन झाली. फी बदलत असते, म्हणून अर्जाच्या वेळी ती न्यूकानच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

सापळा माय नंबर कार्डाचा, म्हणजे तो क्रमांक छापलेल्या ओळखपत्राचा आहे. कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी रहिवाशाचं हे कार्ड व्हिसाच्या मुदतीपर्यंतच चालतं. व्हिसा वाढला म्हणून ते आपोआप वाढत नाही. नवं झैर्यू कार्ड आलं की दोन्ही कार्डं घेऊन जुनी तारीख उलटण्यापूर्वी कुयाकुशोत जायचं. निकाल लांबला असेल तर झैर्यू कार्डाच्या मागचा ‘अर्ज चालू आहे’ हा शिक्का दाखवून माय नंबर कार्ड दोन महिन्यांसाठी वाढवून घेता येतं. ऑनलाइन अर्जात हा शिक्का मिळत नाही, तेव्हा अर्ज पोचल्याचा ईमेल छापून न्या. तारीख हुकली तर कार्ड बाद होतं, आणि दवाखान्यात आरोग्य विम्यासाठी तेच दाखवत असाल तर अडचण दुहेरी. दोन्ही कार्डं एकत्र करण्याचा कायदा २०२४ मध्ये मंजूर झाला आहे, मात्र एकत्रित कार्ड घेणं ऐच्छिक आहे.

रोजचं आणि अडीअडचणीचं

१६ वर्षं पूर्ण झालेल्यांनी कार्ड कायम जवळ बाळगायचं. अगदी कोपऱ्यावर दूध आणायला जातानाही. मोबाइलमधला फोटो चालत नाही. कार्ड हरवलं तर आधी कोबानमध्ये, म्हणजे पोलीस चौकीत, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि लक्षात आल्यापासून १४ दिवसांत न्यूकानमध्ये नवं मागा. त्याला फी नाही.

घरमालक, मोबाइल दुकान आणि बँक झैर्यू कार्डाची प्रत मागतात, ते नेहमीचंच आहे. माय नंबर मात्र कर, सामाजिक विमा अशा कायद्याने ठरवून दिलेल्या कामांसाठीच द्यायचा. माय नंबर कार्डाच्या मागच्या बाजूची झेरॉक्स घरमालकाला किंवा जिमला देऊ नका, पुढची बाजू पुरते.

सुट्टीवर गावी जाताना विमानतळावर देश सोडताना भरायच्या कार्डावर पुन्हा येणार असल्याची खूण करून झैर्यू कार्ड दाखवा. एक वर्षाच्या आत, आणि व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल तर त्या तारखेच्या आत, परतावं लागतं. ती खूण राहिली तर व्हिसाचा दर्जा तिथेच संपू शकतो.

जपानमध्ये बाळ झालं तर १४ दिवसांत कुयाकुशोत जन्मनोंद करायची. बाळ ६० दिवसांहून जास्त राहणार असेल तर जन्मापासून ३० दिवसांत न्यूकानमध्ये त्याच्या व्हिसाचा अर्ज द्यायचा. भारतीय पासपोर्ट वेळेत तयार झाला नसला तरी हा अर्ज थांबवू नका. पासपोर्ट का नाही याचं कारण लिहून तो देता येतो.

कायमचं परतताना कुयाकुशोत परदेशी जात असल्याची नोंद करा, नाहीतर विम्याची बिलं जुन्या पत्त्यावर येत राहतात. रहिवासी कर १ जानेवारीच्या पत्त्यावरून ठरतो, म्हणून डिसेंबरमध्येच निघत असाल तर ही नोंद जानेवारीवर ढकलू नका. झैर्यू कार्ड विमानतळावर परत द्यावं लागतं. माय नंबर मात्र लिहून जवळ ठेवा. पुढे पुन्हा जपानला राहायला आलात तर तोच क्रमांक चालू राहतो.